ससा-तितराचं सोडा, गरी हाती धरा

साकोली तालुक्यातून आलेलं पत्र, थोडक्यात:

"वय चौतीस. बरीच वर्षं पुण्यात नोकरी केली, आता गावी येऊन धानाची शेती पाहतो. आमचे आबाजी ससे, तितर, लावे, हरियल मारून आणायचे. त्यांची ठासणीची बंदूक अजून माळ्यावर पडून आहे. मला यातलं काहीच येत नाही, पण आपल्या हातानं मिळवलेलं एखादं जेवण ताटात यावं असं फार वाटते. सुरुवात कशी करू? एअरगन घेऊ का? फासे लावणं सोपं पडेल का? घरच्या कुत्र्याला शिकवता येईल का? शेतात रानडुकरं येतात, त्यांच्यापासूनच सुरुवात केली तर?"

भाऊ,

ससा, तितर, लावा, हरियल यांपैकी काहीही मारणं आज गुन्हा आहे. बंदुकीनं मारा, एअरगननं मारा, फाशानं धरा की कुत्रं सोडा, कायद्याला फरक पडत नाही. आबाजींच्या काळाची गोष्ट वेगळी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीचा स्वतंत्र परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीत शिकार परवान्यांचा तो सगळा भागच काढून टाकला. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात ससा, तितर, लावा हे दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मारलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. आणि हरियल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी.

शिकारीची कायद्यातली व्याख्या बरीच रुंद आहे. जनावर मेलंच पाहिजे असं नाही. सापळा लावणं, हाका करणं म्हणजे जनावर हुसकून आणणं, आमिष ठेवणं, पाखराची अंडी उचलणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्यात येतं. त्यामुळे "फासा लावला होता पण काही अडकलं नाही" ही सबब चालत नाही. साध्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिनं पाखरू मारायची मुभा आहे असा समज गावोगाव आहे. तो चूक आहे. टिनाचे डबे फोडायला घ्यायची असेल तर घ्या.

फाशाबद्दल वेगळं सांगायला हवं. गाडीच्या क्लच वायरचा फासा सशासाठी लावला तरी त्यात कोण येणार हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. तुमच्या भागात त्यात चितळ येतं, अस्वल येतं, बिबट येतो. कंबरेला तार रुतलेला बिबट कित्येक दिवस तडफडतो आणि त्या अवस्थेत माणसावर येतो. कुंपणात वीज सोडणं त्याहून वाईट. डुकरासाठी सोडलेल्या तारेनं विदर्भात वाघ मेले आहेत, आणि रात्री पाणी लावायला निघालेले शेतकरीही मेले आहेत.

माळ्यावरची बंदूक उडवून पाहू नका. ठासणीच्या जुन्या नळीत आतून गंज धरतो, आणि नळी फुटली की ती धरणाऱ्याचा हात आणि डोळा घेऊन जाते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारल्यावर वारसाला ते हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. इतकी वर्षं ते झालं नाही, तेव्हा आधी वकिलाला भेटा. आबाजींच्या परवान्याचा कागद घरात कुठे सापडतो का पाहा, मग ठाण्यात जा. बंदूक मोटारसायकलवर घालून नेऊ नका. ती कशी आणायची हे ठाण्यात विचारून घ्या.

रानडुकरांचं म्हणाल तर पिकाला धोका असलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावरासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. पण ती परवानगी पीक वाचवण्यासाठी असते. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्यामुळे ताटापर्यंत काही येत नाही. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो, पण तो बंदूक बाळगण्याचा असतो, डुक्कर मारण्याचा नाही. दोन वेगळे कागद, दोन वेगळी खाती. नवशिक्यानं रात्रीच्या अंधारात जखमी डुकराच्या मागे जाणं हे तर कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वेडेपण आहे. नुकसान झालं की लगेच वनखात्यात अर्ज टाकून पंचनामा करून घ्या.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे येऊ. जनावराची सवय ओळखायची, दबा धरायचा, चुकायचं, पुन्हा बसायचं आणि शेवटी ताटात काही आणायचं. भंडारा-गोंदियात राहून याला रानात जायची गरज नाही. तलावांचा मुलूख तुमचा. मासोळी धरायला शिका, आणि जाळ्यानं नाही, गरीनं, म्हणजे गळानं. जाळं टाकणं हा ढिवरांचा पिढीजात धंदा आहे, त्यात तुम्ही नवखेच राहाल आणि त्यांच्या पोटावरही पाय येईल. गरीत मासोळीशी एकास एक गाठ असते.

पहिलं काम परवानगीचं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव दिसायला मोकळे असले तरी त्यांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. रोहू, कतला, मृगळ यांचं बीज संस्थेनं पैसे घालून सोडलेलं असतं. न विचारता काढलेला रोहू ही सरळ चोरी आहे. ग्रामपंचायतीत विचारा तलाव कोणाकडे आहे, मग संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला गाठा. एक काठी, एक गरी, आठवड्यातून एखादी सकाळ, संस्थेची मासोळी लागली तर तिच्या भावानं पैसे, असं बोलून ठेवा आणि पावती घ्या. गावातला एखादा जाणता ढिवर सोबत येत असेल तर त्याला दिवसाची मजुरी द्या. तलावात खोल कुठे, गाळ कुठे, मरळ कुठल्या कोपऱ्यात, हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. नवेगाव-नागझिरा, पेंच, ताडोबा यांच्या हद्दीतल्या पाण्याकडे मात्र फिरकूच नका. पेंचमधल्या तोतलाडोहचं पाणी कितीही मोठं दिसलं तरी तिथे मासेमारी गुन्हाच आहे.

स्वतःच्या शेतात बोडी, म्हणजे लहान तलाव, किंवा शेततळं असेल तर निम्मा प्रश्न मिटला. पावसाळ्यात पाणी भरल्यावर गुंठ्याला पन्नासच्या हिशोबानं बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, कतला-रोहू-मृगळ साधारण सारख्या प्रमाणात. सोडण्याआधी बोडीत मरळ असेल तर काढून घ्या, नाहीतर ती तुमचं बीज खाऊन मोठी होईल.

सामान थोडं लागतं. रील-रॉडच्या नादी आत्ताच लागू नका. दहा-बारा फुटांची, शेंड्याला बारीक होत गेलेली वाळकी बांबूची काठी घ्या. ओली काठी वाकते ती वाकलेलीच राहते. तंगूस (नायलॉनचा दोरा) ०.३० मिलिमीटरची, काठीपेक्षा हातभर कमी लांब, म्हणजे मासोळी थेट हातात येते. ती शेंड्याला नुसती बांधू नका. शेंड्यापासून काठीवरून खाली दोन-तीन फूट गुंडाळत आणा आणि तिथे पक्की करा. शेंडा मोडला तरी मासोळी तंगुसावर राहते. गरीचा नंबर जितका मोठा तितकी गरी लहान, हे दुकानात गेल्यावर गोंधळ करतं. बोटभर मासोळीला १० नंबर, अर्धा किलोच्या रोहूला ६, आणि मरळीसाठी १/० किंवा २/०. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. दोन-चार मासोळ्या सुटतील, पण पहिल्या महिन्यात गरी तुमच्याच बोटात शिरायची शक्यता जास्त आहे आणि अशी गरी सहज निघते.

गाठ नीट शिका, कारण नवशिक्याच्या बहुतेक मासोळ्या गाठीपाशी जातात. तंगूस गरीच्या छिद्रातून ओवा, सुटं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, छिद्राला लागून जी छोटी फट राहते तिच्यातून टोक काढा, थुंकी लावून ओलं करा आणि हळू ओढा. कोरडी ओढली तर घासून नायलॉन तापतं आणि तिथेच कच्चं पडतं. मासोळी गेल्यावर तंगुसाचं टोक पाहा. डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं असेल तर गाठ सरकली. टोक खरखरीत, चरे पडलेलं असेल तर दगडाला किंवा बेशरमाच्या झुडपाच्या खुंटाला घासलं.

गरीच्या वर वीतभर अंतरावर शिशाची छोटी गोळी चिमटून बसवा आणि तिच्या वर पाण्यावर तरंगणारं बूच. शिसं इतकंच हवं की बुचाचा वरचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर राहील. बूच सगळं तरंगत असेल तर मासोळीला ते ओढताना जड लागतं आणि ती आमिष टाकून देते. पाण्याची खोली आधी मोजा: गरीला तात्पुरतं जड शिसं टोचून सोडा. बूच बुडालं तर ते वर सरकवा, आडवं पडलं तर खाली. ही पाच मिनिटं वाचवणारे लोक दिवसभर तळापासून दोन फूट वर गरी लटकवून बसतात आणि तलावात मासोळीच नाही म्हणतात. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कतला वर. कोणासाठी बसलात त्याप्रमाणे बूच सरकवायचं.

आमिष म्हणून गांडूळ सगळ्यांत सोपं. गरीवर ओवून शेवटचा सेंटिमीटरभर भाग वळवळता ठेवा. पण गांडुळावर तिलापिया आणि बारकी मासोळी तुटून पडते. रोहू-मृगळासाठी कणीक बरी. दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी कुटलेली जवसाची किंवा भुईमुगाची ढेप, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवा. बोराएवढी गोळी गरीवर अशी बसवा की टोक जेमतेम झाकलं जाईल. पाण्याच्या ग्लासात टाकून पाहा. दहा मिनिटांच्या आत विरघळली तर पीठ वाढवा. तासाभरानेही दगडासारखी राहिली तर गरी तिच्यातून बाहेर येऊन मासोळीच्या ओठात शिरणार नाही. बसायच्या जागी तासभर आधी धानाचा कोंडा चिखलात कालवून त्याचे चार-पाच गोळे टाका. मासोळी जमवायची आहे, जेवू घालायची नाही. घमेलंभर टाकलं तर पोट भरून ती गरीकडे पाहतही नाही.

आता बूच वाचायला शिका. हीच तुमची शिकार. बूच थरथरतं, टुकटुक करतं, ते बारक्या मासोळीचं. हलू नका. बूच तिरपं होऊन एका बाजूला सरकत बुडायला लागलं की रोहू. बूच अचानक वर येऊन आडवं पडलं तर मृगळानं तळावरून आमिष उचललं, शिशाचा भार कमी झाला म्हणून बूच वर आलं. नवशिका इथे फसतो, कारण तो बूच बुडायची वाट पाहत असतो. या दोन्ही वेळी मनगटानं काठी वीतभर उचला, बस. झटका मारून मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फेकण्याची हौस असते, त्यात ओठ फाटतो किंवा तंगूस तुटते. मासोळी जड असेल तर काठी उभी धरा, तिला दमू द्या आणि शेवटी हातजाळीत घ्या, तंगूस हातानं ओढू नका.

मरळ हा पुढचा धडा. ती हवा घ्यायला वर येते, म्हणून कमळाच्या पानांच्या कडेला, जलपर्णीच्या फटीत एकाच जागी ठरावीक वेळानं पाणी फुटताना दिसलं की जागा ध्यानात ठेवा. इथे मात्र रील हवी आणि ०.४० ची तंगूस. रबरी बेडूक तिच्या पुढे चार-पाच फुटांवर टाका आणि थांबत-थांबत ओढा. तिच्या डोक्यावर टाकला तर ती खाली जाते आणि मग बराच वेळ येत नाही. तिनं तोंड मारलं की मनात दोन आकडे मोजून मगच ओढा. सगळे इथेच घाई करतात आणि रिकामा बेडूक परत येतो. पाण्यावर लालसर बारीक पिलांचा गोळा हलताना दिसला तर त्याच्याखाली मरळीची जोडी राखणीला असते. ती सहज लागते, आणि तिला काढलं की दुसरे मासे पिलं संपवतात. तिथून निघून जा. एकूणच जून ते ऑगस्ट हा विणीचा काळ आहे, तेव्हा काठी गुंडाळून ठेवलेली बरी. तसंही तुम्ही धानाच्या रोवणीत असाल. ऑक्टोबरात पाणी निवळलं की सुरुवात करा. थंडीच्या ऐन दिवसांत सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, ऊन तापल्यावर अकरा ते तीन बरं.

करंट सोडणं, सुरुंग, विष ही कामं कोणी "सोपी पद्धत" म्हणून सुचवेल. सुरुंग आणि विषावर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. करंटनं तर पाण्यात उतरलेला माणूसच आधी मरतो.

गरीला कासव लागलं तर ते वन्यजीव कायद्याखालचं जनावर आहे, गावात न्यायचंच नाही. ते मान ताणेल, तोंडाजवळ बोट नेऊ नका. मागून धरा, गरी निघाली तर काढा, खोल गिळली असेल तर तंगूस तोंडाजवळ कापा आणि पाण्यात सोडा.

शिंगी, मांगूर, शिंगाडा या मासोळ्यांना कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना काटे असतात, शिंगाड्याला पाठीवरही, आणि शिंगीचा काटा विषारी. ओलं फडकं घेऊन काट्यांच्या मागून धरा. टोचलाच तर जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हात सुजत चालला तर दवाखाना गाठा.

जागा निवडताना तुडुमाजवळचा, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळचा, भाग टाळा, तिथे पाण्याची ओढ आणि खोल गाळ दोन्ही असतं. गुडघ्यापेक्षा वर पाण्यात उतरू नका. घोणस पाळीच्या गवतात असते, म्हणून गमबूट घाला आणि काठी आपटत चला. ढग गडगडला की काठी खाली ठेवून पक्क्या घरात जा, झाडाखाली नाही. कार्बनचा रॉड असेल तर अजिबात वेळ काढू नका. तलाव जंगलाला लागून असेल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नका, दोघं मिळून जा आणि वनरक्षकाला आधी विचारा. वाकून किंवा उकिडवं बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मोहफुलं वेचणाऱ्यांवरचे बरेच हल्ले असेच झाले आहेत.

मासोळी हातात आली की तिला तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर लहान दांडक्याचा एक नेमका फटका पुरतो. मरळ जिवंतच घरी न्यायची असेल तर ओल्या पोत्यात गुंडाळा. उघड्या घमेल्यातून ती उडी मारून गवतातून परत पाणी गाठते. लहान मासोळी ओल्या हातानं सोडून द्या, कोरड्या हातानं तिच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि मग बुरशी लागते.

घरी मरळ आणि मांगूर आधी चुलीच्या राखेनं चोळा, बुळबुळ जाते आणि सुरी सरकत नाही. रोहूचे खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा. पोट मागच्या छिद्रापासून कल्ल्यापर्यंत उथळ चिरा, सुरीचं टोक आत घुसवू नका, कारण यकृताला लागून हिरवट पित्ताची पिशवी असते. कल्ले काढून टाका, त्यांनीच वास लवकर धरतो. पित्त फुटलंच तर तेवढा डाग पडलेला भाग कापून टाका आणि बाकीचा लगेच धुवा, नुसत्या धुण्यानं कडूपणा जात नाही.